सारस छाप दंतमंजन

तुळसानं सारसच काढला होता. हे आधी एकदाचं स्पष्ट झालेलं बरं, कारण पुढं जे काही रामायण घडलं त्यात कारध्यातल्या एकाही माणसानं, बाईनं किंवा सरकारी कागदानं त्या पक्ष्याला आपणहून सारस म्हटलं नाही. गावाला डोळे आहेत, पण ते फक्त दुसऱ्याच्या अंगणात काय वाळत घातलंय हे पाहण्यासाठी. कलेसाठी नाहीत.

सगळ्याचं मूळ बोरकर सर. बोरकर सर म्हणजे पुलापलीकडच्या, भंडाऱ्याच्या शाळेत नववीला चित्रकला शिकवणारे. उन्हाळ्यात ते पुण्याला दहा दिवसांच्या शिबिराला गेले आणि येताना एक झोळी आणि एक शब्द घेऊन आले. झोळी खांद्याला असायची आणि शब्द तोंडात. शब्द होता 'बोधचिन्ह'. तोवर सर आम्रफळ आणि सुरई काढायला लावत. आता म्हणाले, "एक वस्तू निवडा. तिला नाव द्या, रंग द्या, वेष्टन द्या आणि बोधचिन्ह द्या. चिन्ह असं पाहिजे की निरक्षर माणसानंसुद्धा लांबून ओळखलं पाहिजे. किमान दहा निरक्षरांना दाखवा, त्यांना काय दिसलं ते तक्त्यात लिहा आणि पुढं अंगठा घ्या. अंगठा नसेल तर मी मानणार नाही. घरी बसून तक्ते भरणारे मला माहीत आहेत."

आणि शेवटी म्हणाले, "सर्वोत्कृष्ट प्रकल्प आणि तो करणारा, दोघं नागपूरच्या प्रदर्शनाला जातील. दोन दिवस."

नागपूर! तुळसा आजवर फार लांब गेली होती ती कोंढ्याला, मामेबहिणीच्या लग्नाला, आणि तिथंही तिला पंगतीत वाढायला उभं केलं होतं. तिनं मधल्या सुटीत जाहीर करून टाकलं, "नागपूर माझं. बाकीच्यांनी उगाच रंग वाया घालवू नका."

हे ऐकून चंद्रकांता नुसती हसली. चंद्रकांताच्या वडिलांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि मामा बाबूलाल पेंटर, शहरातल्या अर्ध्या पाट्या त्याच्याच हातच्या. तिनं 'चंद्रा स्नो' ही वस्तू निवडली. डबीवर गुलाब, खाली इंग्रजी अक्षरं, अक्षरांना सावली. नववीतल्या मुलीला अक्षराची सावली काढता येत नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बोरकर सर मात्र "वा, काय सफाई आहे!" म्हणाले. पुण्याच्या शिबिरात सावल्यांवर बहुतेक तास झाला नसावा.

तुळसाची वस्तू अस्सल होती. घरी तुसाची शेगडी होती. गिरणीतून आणलेलं भाताचं तूस रोज सकाळी त्यात धगधगायचं आणि रोज दुपारी आई, म्हणजे निर्मलाबाई, काळी राख उकिरड्यावर फेकायची. तुळसानं ती राख वस्त्रगाळ केली, तिच्यात मीठ, तुरटी आणि लवंग कुटून घातली. झालं दंतमंजन. नाव 'सारस', कारण शाळेत जाताना पुलावरून नदीकाठच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कधीकधी सारसाची जोडी दिसायची, मान उंच, चाल अशी की जणू मामलेदार पाहणीला आले आहेत.

"पक्षी पांढरट आन् मंजन काळं?" आईनं विचारलं.

"आई, ते प्रतीक आहे."

"असन बाप्पा. पण माही लवंगाची डबी जागेवर ठेव."

चित्र सुरेख उतरलं होतं. फक्त पाच रेषा. सर म्हणाले होते, कमी रेषा म्हणजे मोठी कला. प्रश्न होता ठशाचा. प्रत्येक पुडीवर चित्र काढत बसायला ती काय बाबूलाल पेंटरची भाची होती? तिनं रबरी ठसा करायचं ठरवलं आणि घरातलं एकमेव जाड रबर शोधून काढलं. ते बाबांच्या डाव्या पायात असायचं. बाबा, म्हणजे पुंडलिकराव, सरकारी कचेरीत कारकून. सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा दोन चपला होत्या, बाहेर आले तेव्हा दीड.

आता चपलेच्या टाचेची लांबी किती, आणि सारसाची किती! मान अर्धी कापावी लागली. पायांना जागाच उरली नाही, म्हणून सारस बसलेला आहे असं ठरलं. आणि अगदी शेवटी, चोच कोरताना, पातं सटकलं. लांब, टोकदार, रुबाबदार चोच होती तिथं रुंद, चपटी, भोळसट चोच राहिली. तुळसानं ठसा निळ्या शाईत बुडवून कागदावर उमटवला, मान तिरकी करून पाहिला आणि स्वतःशी म्हणाली, "ज्याला सारस माहीत आहे त्याला कळेल."

कारध्यात कुणालाच सारस माहीत नव्हता असं दिसतं.

दहा जणांना दाखवायचं होतं. तुळसाच्या अंगात मात्र एकदा वारं शिरलं की दहावर थांबायची सोय नव्हती. तिनं त्रेसष्ट पुड्या बांधल्या. वही, शाईचं पॅड आणि पिशवीभर पुड्या घेऊन ती रविवारी गावभर फिरली. दारात उभं राहायचं, पुडी पुढं करायची आणि विचारायचं, "हे चिन्ह ओळखता का?" उत्तर लिहायचं, अंगठा घ्यायचा, पुडी फुकट देऊन पुढं जायचं. यात कुणाला काही वावगं दिसेल असं तिच्या मनातही आलं नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक चार दिवसांपूर्वी जाहीर झाली होती. पण निवडणूक नागरिकशास्त्रात येते, आणि नागरिकशास्त्राचा आणि चित्रकलेचा काय संबंध?

पहिलंच घर शेजारच्या देवकाबाईंचं. त्यांनी पुडी लांब धरली, जवळ धरली, उलटी केली. "बोअरिंग हाये का? पाण्याची?"

"काकू, पक्षी आहे."

"पक्षी? मंग बदक हाये."

तुळसानं ओठ चावत लिहिलं, 'बदक'. पुढच्या घरी बदक. त्याच्या पुढं बदक. एकानं कोंबडा म्हटलं, तेव्हा त्याच्या बायकोनं त्याला फटकारलं, "आंधळे झाले का? चोच पाहा ना. बदक हाये चांगलं." वेशीजवळ रत्नाबाई बसल्या होत्या, तोंडात दोन दात आणि त्या दोन दातांवर गावात सर्वांत जास्त बोलणं. त्यांनी अंगठा दिला, पुडी कमरेला खोचली आणि आवाज बारीक करून विचारलं, "हे कोनाचं हाये वो पोट्टी?"

तुळसाला वाटलं, मंजन कोणत्या दुकानाचं ते विचारताहेत. ती ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या घरचंच आहे, आजी."

"तुहे बाबा?"

"बाबांचीही मदत झाली," तुळसा म्हणाली. चपलेबद्दल एवढं तरी बोलणं तिला भाग होतं.

रत्नाबाई दोन दात दाखवून अशा काही हसल्या की तुळसाला वाटलं, चला, एका माणसाला तरी कला कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस. तेवढ्यात सेवकरामकाका आले. सेवकरामकाका एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. निवृत्तीनंतर ते गावाला सल्ले देत, आणि घंटी वाजल्याशिवाय त्यांचं बोलणं थांबत नसे, म्हणजे कुणी उठून हाताला धरून बाहेर नेईपर्यंत.

"पुंडलिकराव, आमाले सांगाले का झालं होतं?"

"काय सांगायचं होतं?"

"आता लपवून का फायदा? गावभर चिन्ह पोचलं तुमचं. बदक! चांगलं हाये. पान्यातबी चालते, जमिनीवरबी चालते. पण सल्ला देतो, मंजनाच्या संगं उलीसा गूळ वाटा. मंजन थुकून टाकते माणूस, गूळ पोटात राहते."

बाबांच्या हातून वस्तरा कानापर्यंत गेला. "सेवकरामभाऊ, मी सरकारी नोकरीत आहे. मी उभा नाही. मी बसलेला आहे."

"पहिले सगळे असंच म्हंतेत," काका म्हणाले आणि चहाची वाट पाहत बसले.

ही अफवा नव्हती. अफवा निदान कुणीतरी पसरवावी लागते. ही गोष्ट सगळ्यांनाच आपापल्या डोक्यानं कळली होती. चिन्ह, अंगठा आणि फुकट पुडी, आता आणखी काय पुरावा पाहिजे? दुपारपर्यंत ओसरीवर चौदा माणसं. एकाला बोअरिंग पाहिजे होती, "देवकाबाई म्हंते चिन्हावर बोअरिंगच हाये." एकाला नाली पाहिजे होती, दुसऱ्याला ती नाली आपल्या दारातून जायला नको होती. आईनं तीनदा चहा टाकला. चौथ्यांदा साखरेचा डबा वाजवून पाहिला आणि तुळसाकडं असं बघितलं की तुळसानं भूमितीचं पुस्तक उघडलं. भूमितीचं! यावरून परिस्थितीचं गांभीर्य लक्षात यावं.

बाबा जितकं नाही म्हणत तितका लोकांचा विश्वास वाढे. "मी उभा नाही हो!" असं ते हात जोडून म्हणाले, आणि हात जोडलेले पाहून उरलेल्या दोघांचीही खात्री पटली.

संध्याकाळी खुद्द श्यामराव आले. श्यामराव म्हणजे सरपंच, दहा वर्षांपासून. पांढरी टोपी, आणि बोलण्यात इतकी साखर की त्यांनी तीच निर्मलाबाईंच्या डब्यात ओतली असती तर काही उपकार तरी झाले असते.

"पुंडलिकराव, आपले घरचे संबंध. तुमी वार्डात उभे राहून राहिले, मले दुसऱ्याच्या तोंडून कळते. बरं दिसते का?"

"श्यामरावजी, देवाशपथ, पोरीचा शाळेचा प्रकल्प आहे."

"हो का?" श्यामराव तुळसाकडं वळले. "सांग बेटा, शाळेनं त्रेसष्ट अंगठे घ्यायले लावले?"

"दहाच सांगितले होते," तुळसा म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, निदान सर्वांसमोर.

"मंग त्रेपन्न कोनाचे?"

यावर प्रकल्पवहीत रकाना नव्हता. श्यामराव उठले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून वॉर्डात घरटी एक साबणाची वडी गेली. गावानं ती घेतली, त्या वडीनं अंघोळ केली, आणि दात बदकानं घासले. लोकशाहीत मतदार इतका स्वच्छ यापूर्वी कधीच नव्हता.

बुधवारी बाबा कचेरीतून परतले ते एका कागदासह. कारणे दाखवा. आपण शासकीय सेवेत असताना 'बदक' या चिन्हावर निवडणूक प्रचार करत असल्याचे व मतदारांना दंतमंजनाचे प्रलोभन दाखवत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा अठ्ठेचाळीस तासांत करावा.

बाबा खाटेवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पायांकडं पाहत राहिले, एका पायात चप्पल, दुसऱ्यात आईची. "बावीस वर्षं नोकरी झाली," ते म्हणाले. "एकदासुद्धा लेट मार्क नाही. आणि आता बदक."

प्रथमच नागपूर तुळसाच्या डोळ्यांसमोरून हललं आणि तिथं बाबांचा तो आईच्या चपलेतला पाय आला. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, सारस."

"तू चूप बस!" आई म्हणाली.

खुलासा तुळसानंच लिहिला, कारण घरात अक्षर तिचं चांगलं. सोबत नमुन्याची एक नवी पुडी बांधून जोडली. साहेबांनी खुलासा वाचला, पुडी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, "शाळेचं प्रमाणपत्र आणा की हा प्रकल्प आहे." पुडी शिपायानं घरी नेली, त्यामुळं पुरावा नष्ट झाला तो झालाच, वर फाइलवर शेरा आला, 'नमुना आढळत नाही, पुनश्च सादर करावा'. दुसरी पुडी सादर झाली. तिला आवक क्रमांक मिळाला. तुळसाच्या वर्गातल्या कुठल्याच मुलीच्या वस्तूला तोवर आवक क्रमांक मिळाला नव्हता, पण हे बढाई मारण्यासारखं आहे की नाही ते तिला ठरवता येईना.

हेडमास्तर म्हणाले, "बोरकर सरांनी प्रकल्प तपासून सही केली की मी शिक्का मारतो." तुळसा धावत चित्रकलेच्या खोलीत गेली. सर चंद्रकांताच्या डबीवरच्या सावलीकडं टक लावून बसले होते. त्यांनी तुळसाची वही उघडली. पानं उलटली. बदक, बदक, बदक, बोअरिंग, बदक, कोंबडा (खोडून बदक), बदक.

"सारस किती?"

"सर..."

"सारस शून्य. त्रेसष्टपैकी शून्य! चिन्हाचं नाव एक, लोकांना दिसतं दुसरं. अशा चिन्हाला काय म्हणतात माहीत आहे? अपयश. एक करता येईल. नाव बदल. 'बदक छाप' लिही, पास करतो."

कुणालाही वाटेल, लिहून टाकावं. पाच अक्षरं काय, दहा लिहावीत. पण तुळसाच्या डोळ्यांसमोर बांधीतली ती जोडी आली, मान उंच, मामलेदारासारखी. त्या पक्ष्यांनी काय पाप केलं होतं? "सर, तो सारस आहे," ती म्हणाली. "लोकांना दिसत नसेल तर लोक नापास करा."

"बरं," सर म्हणाले आणि पेन उघडलं. "मग प्रमाणपत्र असं देतो."

प्रमाणपत्र असं होतं: 'कुमारी तुळसा पुंडलिकराव हिने सदर दंतमंजनाचा प्रकल्प शाळेसाठी केला असून, बोधचिन्ह कोणीही ओळखू न शकल्यामुळे तो अयशस्वी ठरला आहे.' खाली सही, त्याखाली हेडमास्तरांचा गोल शिक्का. साहेबांनी ते वाचलं, खूश झाले आणि शेरा मारला, 'चिन्ह अयशस्वी असल्याने प्रचाराचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण बंद'. सरकारात एखाद्या मुलीचं नापास होणं इतक्या लवकर मंजूर झाल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

बाबांची नोकरी वाचली. त्या आनंदात त्यांनी नवी चप्पल घेतली आणि ती कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. तुळसानं मात्र दोन दिवस शाईच्या पॅडला हात लावला नाही. नोकरी वाचली हे चांगलंच झालं, पण वाचली ती तिच्या अपयशाच्या गोल शिक्क्यावर. आणि नागपूरच्या यादीत पहिलं नाव लागलं चंद्रकांताचं. चंद्रकांतानं विचारलं, "तुझ्यासाठी नागपूरहून काय आणू गं?" तुळसा म्हणाली, "सावली."

मग मतदानाचा दिवस आला. मतदान कारध्याच्या प्राथमिक शाळेत, आणि मतदान अधिकारी म्हणून भंडाऱ्याच्या शाळांतले मास्तर धरून आणलेले. पहिल्या टेबलावर, मतपत्रिका घेऊन, झोळी खुर्चीला अडकवून कोण बसलं होतं? बोरकर सर.

तुळसा घरी होती. पण त्या दिवशी खोलीत काय झालं ते गावातल्या प्रत्येकानं तिला सांगितलं, आणि या एका बाबतीत सगळ्यांचं सारखं निघालं.

सकाळी पहिल्याच देवकाबाई. मतपत्रिका घेतली, पडद्यामागं गेल्या, परत आल्या. "गुरुजी, बदक कोठी हाये?"

"कसलं बदक? शिडी, छत्री आणि किटली. तीनच चिन्हं आहेत."

"आमच्या घरी त बदक येऊन गेलं ना."

दुसरा आला. "साहेब, याच्यात बदक छापाचं राहून गेलं." तिसरा म्हणाला, "श्यामरावनं काढून टाकलं असन, मले मालूमच होतं." दहा वाजेपर्यंत शाळेबाहेर कुजबुज, अकराला गलका. पोलिसानं काठी आपटली. केंद्राध्यक्ष घामाघूम झाले. बोरकर सर प्रत्येकाला सांगत होते, "बदक नाही हो! बदक हे चिन्हच नाही!" आणि प्रत्येक जण त्यांच्याकडं असा पाहत होता की जणू बिचाऱ्या मास्तरला बदकसुद्धा माहीत नाही. एका म्हाताऱ्यानं तर त्यांच्या टिपकागदावर बोटानं काढून दाखवलं. पाच रेषांत.

संध्याकाळी पेट्या गेल्यावर सर तुळसाच्या घरी आले. बोटांना शाई, डोळे तांबडे, आवाज बसलेला. पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले. मग झोळीतून नागपूरच्या प्रदर्शनाचा कोरा अर्ज काढला.

"चंद्रकांताच्या डबीच्या तळाशी काल मला बारीक अक्षरात 'बाबूलाल पेंटर' सापडलं," ते म्हणाले. "ते जाऊ दे. एकोणपन्नास लोक, तुळसा. एकोणपन्नास लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. पुण्याच्या शिबिरात जे जे शिकवलं, ते सगळं तू चपलेच्या टाचेवर करून बसलीस. चल, नागपूरला जायचंय. वस्तू, दंतमंजन. चिन्ह..." त्यांनी पेन टेकवलं, "बदक."

"सारस," तुळसा म्हणाली.

"अगं, अख्खा गाव..."

"सारस, सर. नाहीतर चंद्रा स्नोच पाठवा."

आई आतून खोकली. बाबांनी कपाटाच्या किल्लीला हात लावला. सरांनी पेन उचललं, आणि तेवढ्यात दारात रत्नाबाई उभ्या.

"मत कुणाला दिलं, आजी?" बाबांनी भीतभीत विचारलं.

"बदक नाई भेटलं त मी किटलीवर मारली मोहर. तिचं तोंड तसंच हाये ना बदकावानी. साऱ्या बायाइले तेच सांगतलं." (दुसऱ्या दिवशी मोजणीत श्यामरावांची शिडी पडली आणि किटलीवाला जागेश्वर अकरा मतांनी निवडून आला. हा माणूस प्रचारालाही निघाला नव्हता. तो अजूनही समजतो की हे त्याच्या स्वभावामुळं झालं.) "ते जाऊ दे. पोट्टी, मंजन सरलं माहं. बदकाची पुडी दे उलीशी."

तुळसा उठली. पुडी आणली, पण हातात धरून ठेवली.

"आजी, आधी नाव नीट घ्या. सारसाची पुडी म्हणा."

"सारस?"

"सारस."

रत्नाबाईंनी सरांकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, मग तुळसाच्या तोंडाकडं पाहिलं आणि ओळखलं असावं की इथं दोन दातांनी काम भागणार नाही.

"बरं बाप्पा. सारस त सारस. दे सारसाची पुडी."

बोरकर सरांनी मान खाली घातली आणि अर्जावर लिहिलं, 'चिन्ह: सारस'. तुळसानं वाकून पाहिलं, अक्षर तपासलं, आणि कंसात 'बसलेला' असं स्वतःच्या हातानं घातलं. मग पुडी दिली.

रत्नाबाई पायरी उतरता उतरता मागं वळल्या.

"आन् पुढच्या बारीले त्याच्यावरचं बदक उलीसं मोठं काढ. मागचं पुसून गेलं होतं."